नागवेकर सरांचा हात

रत्नागिरीत माळनाक्यापासून मारुती मंदिरापर्यंत कुणालाही विचारा, चित्रकलेचे सर म्हटलं की नाव एकच येईल, विठ्ठल नागवेकर. तीस वर्षं एकाच शाळेत काढलेली. मुलं त्यांना तोंडावर नागवेकर सर म्हणत आणि पाठीमागे विठू सर, आणि हे पाठीमागचं नाव सरांना ठाऊकही होतं नि आवडतही होतं. गावातले निम्मे डॉक्टर, वकील, पतपेढीचे मॅनेजर त्यांच्या हाताखालून गेलेले. या सगळ्यांच्या घरी कुठल्यातरी फाइलीत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचं ए ग्रेडचं सर्टिफिकेट होतं, आणि त्यांतल्या एकालाही आज साधा हापूस काढता आला नसता. पण ते कोण तपासायला जातो!

सरांची शिकवायची रीत साधी होती. मुलानं आपल्याला येईल तसं काहीतरी कागदावर ओढायचं. सर मागून येत, चष्म्यावरून बघत, "सरक जरा" म्हणत, मुलाच्या हातची पेन्सिल घेत आणि पाच मिनिटांत त्या वेड्यावाकड्या रेघांमधून माणसं उभी राहत. खोडरबर फिरे, पेन्सिल फिरे, आणि मूल आ वासून बघत राही. "सरांचा हात फिरला," असं मग ते मूल घरी जाऊन सांगे. पालकही एकमेकांना तेच सांगत. तुझ्या पोरीच्या चित्रावर सरांचा हात फिरला का? नाही? मग घाबरतेस कशाला, फिरेल.

एलिमेंटरीची परीक्षा आठवीत. पुढं इंटरमिजिएटही दिली की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळं ज्यांच्या घरात कॅलेंडरपलीकडे चित्र नाही तेही मुलांना बसवतात. परीक्षेत एक पेपर स्मरणचित्राचा. विषय देतात, बाजार म्हणा, पाणवठा म्हणा, आणि समोर काही नसताना दोन तासांत मनानं चित्र काढायचं. आता मुलांचं मन! ते कुठं जाईल त्याचा भरवसा काय? म्हणून सरांनी फार वर्षांपूर्वीच एक चित्र बसवून ठेवलं होतं. मधोमध टोपली घेतलेली बाई, डावीकडे छत्रीवाला म्हातारा, उजवीकडे दोन गिऱ्हाइकं, मागे माड, माडामागे डोंगर. मुलं ते वीस वीस वेळा गिरवत. विषय बसस्टॉप आला तर तीच बाई बसस्टॉपवर उभी राही, पाणवठा आला तर टोपलीच्या जागी हंडा घेई. मुलांनी तिचं नाव मावशी ठेवलं होतं. मावशीनं आजवर कुणाला दगा दिलेला नव्हता. गेली नऊ वर्षं शाळेची जेवढी मुलं बसत तेवढी ए ग्रेडनं पास होत आणि शिक्षकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर तो आकडा वर्षभर पुसला जात नसे.

त्या वर्षी बत्तीस मुलं होती. गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली तसा सरांनी शाळा सुटल्यावरचा सरावाचा तास चालू केला. पहिल्याच सोमवारी म्हणाले, "आधी ज्याचा त्यानं बाजार काढून आणा घरून, मग आपण बघू." ही त्यांची नेहमीची सुरुवात. घरून आलेलं चित्र बघून सर हसत, मुलं हसत, आणि मग मावशीचा धडा सुरू होई.

पुढच्या सोमवारी खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर मनाल होडेकर बसली होती. राजिवड्याच्या मच्छीमार वस्तीतली, अबोल मुलगी. वर्गात आहे की नाही हे हजेरीलाच कळायचं. तिनं कागद पुढं केला आणि सर थांबले. पूर्ण कागदभर नुसते पाय होते. चपलांतले, बुटांतले, अनवाणी. साड्यांचे काठ, दुमडलेल्या पँटी, गळक्या पिशव्या, वरून खाली आलेला एखादा हात. कागदाच्या वरच्या कडेला सगळी माणसं कमरेशी संपलेली.

"अगो, डोकी कुठं गेली ह्यांची?" सर म्हणाले.

"सर, भुताटकीचा बाजार!" मागून समर्थ शिवलकर ओरडला. समर्थ म्हणजे सरांचा लाडका, मावशी डोळे मिटून काढणारा. वर्ग खो खो हसला. सरही हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, तीस वर्षं ते असंच हसत आले होते.

"सरक जरा," म्हणून ते बाकावर टेकले. खोडरबर घेतला. आठ-दहा हात मारून पाय पुसले, जुन्या रेघांवरून नव्या ओढल्या, आणि पाच मिनिटांत मावशी टोपली घेऊन उभी राहिली, तिच्यामागे माड आले. मनाल मधेच म्हणाली, "सर, ते..." आणि थांबली. सरांचं लक्ष माडाच्या झावळ्यांकडे होतं.

"बघ, आता कसं दिसतंय?"

मनालनं बराच वेळ बघितलं. "छान आहे," म्हणाली. घंटा झाली तेव्हा ती कागद बाकावर तसाच ठेवून गेली. विसरली असेल म्हणून सरांनी तो कपाटात टाकला.

मंगळवारी ती सरावाला आली नाही. बुधवारी नाही. पुढच्या आठवड्यात मंगळवारी परीक्षेचे फॉर्म मोजले तर एकतीस. शेवटची तारीख शुक्रवार. सरांना खरं सांगायचं तर मुलीची काळजी वाटली नाही, बत्तीसचे एकतीस झाले याचा त्रास झाला. मधल्या सुट्टीत त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं.

"फॉर्म कुठाय गो तुझा?"

"मला नाही बसायचं, सर."

"का?"

"मला चित्र येत नाही."

"एवढंच ना! अगो, येत नाही तर मी आहे ना."

मनालनं मान हलवली आणि निघून गेली. सरांना वाटलं, समजूत पटली.

दुपारी मुख्याध्यापिका अक्षया मॅडमनी त्यांना बोलावलं. मॅडम सरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आठवीला विज्ञानही शिकवायच्या. त्यांच्या पुढ्यात वह्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक त्यांनी उघडून सरांसमोर सरकवली.

"ही मनालची वही. जुलैतलं पान बघा. हे फुलाचे भाग. ह्या मुलीच्या आकृत्या मी दुसऱ्या तुकडीत नेऊन दाखवत होते." मग त्यांनी पानं उलटली. "आणि हे ह्या आठवड्यातलं."

पानावर पट्टीनं आखलेली चौकट होती. खाली नीट अक्षरांत लिहिलं होतं, आकृती: माशाचे कल्ले. चौकटीत काही नव्हतं. पुढच्या पानावरही तशीच चौकट, तशीच कोरी.

"विचारलं मी," मॅडम म्हणाल्या, "तर म्हणते, मला नाही काढता येत. राजिवड्याच्या मुलीला माशाचे कल्ले काढता येत नाहीत? तुमच्या तासाला काही झालं का सर?"

"काही नाही," सर म्हणाले. आणि खरंच काही झालं नव्हतं. जे दर मुलाच्या बाबतीत होई तेच झालं होतं. पण त्या कोऱ्या चौकटींची पानं सरांनी पुन्हा पुन्हा उलटून बघितली. चित्र न येणारी मुलं त्यांनी हजारोंनी पाहिली होती. येत असलेलं टाकून देणारी ही पहिलीच, निदान त्यांच्या लक्षात आलेली तरी पहिलीच.

शिपाई बाबूला त्यांनी विचारलं, "होडेकरांचं घर कुठं रे राजिवड्यात?"

"घरी कशाला जाताव?" बाबू म्हणाला. "तिची आई बाजारात बसते. शमीम. तुमी तिच्याकडनंच बांगडा घेता की वो दर बुधवारी."

घ्या! वर्षानुवर्षं ज्या बाईकडून मासे घ्यायचे, तिची मुलगी आपल्या वर्गात आहे याचा पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बुधवारी संध्याकाळी सर पिशवी घेऊन बाजारात गेले. सरळ जाऊन मुलीचं विचारायचं सोडून त्यांनी आधी बांगड्याचा भाव विचारला, मग सौंदाळ्याचा, मग कोळंबी ताजी आहे का म्हणून विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय शिक्षकांना फार.

शेवटी म्हणाले, "मनाल तुमची मुलगी ना? मी तिचा चित्रकलेचा सर."

शमीमच्या हातातला कोयता थांबला. "म्हाइत हाय मला. बसा सर. ह्या बाईचे मासे साफ करून देते नि मग बोलते." आणि तिनं शेजारचा पालथा क्रेट पायानं पुढं ढकलला. "बसा, पोरीचीच जागा हाय ती. आज आली नाय."

सर बसले. गुडघे कुरकुरले. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात या बाजारात ते हजारदा आले असतील, पण बसले कधी नव्हते. समोर बघितलं तर बाजार नव्हताच. म्हणजे जो बाजार ते तीस वर्षं शिकवत होते तो नव्हता. माड नव्हते, डोंगर नव्हता, कुणाचं तोंडही नव्हतं. होते ते पाय. ओल्या फरशीवर सरकणारे, थबकणारे, एकमेकांना चुकवणारे. साड्यांचे काठ ओले होऊ नयेत म्हणून वर धरलेले. मधेच एक हात खाली यायचा, माशाचा कल्ला उघडून बघायचा आणि वर नाहीसा व्हायचा. क्वचित कुणी वाकलं तर चेहरा उलटा दिसायचा, घामेजलेला, नाक मोठं झालेला.

सरांच्या कानात वर्ग हसला. डोकी कुठं गेली ह्यांची?

शमीमनं मासे त्या बाईच्या पिशवीत घातले, हात धुतले. "पोरीन काय केलान काय सर?"

"नाही नाही. चित्र का काढत नाही ती?"

"काय सांगितलान नाय घरात. रंगाचा डबा बांधून माळ्यावर टाकलान. बाप कुवेतला, फोनवर इचारतो, आज काय काढलंस? तर ही म्हणते, अभ्यास हाय." तिनं बर्फाचे तुकडे माशांवर सारखे केले. "मला वाटलं बाजाराचं चित्र बघून तुमी खूश व्हाल. आठ दिवस बसून काढलान ते. सर, ह्या पोरीला पायावरनं गिऱ्हाईक कळतं. मी मान खाली घालून मासे कापते, नि ही मला हळूच सांगते, अम्मी, ह्या घेणार. अम्मी, ही नुसती भाव इचारायला आली."

"पायावरून?"

"मग! घेणाऱ्याचे पाय टोपलीकडं असतात. नुसता भाव इचारणाऱ्याचे आधीच पुढच्या टोपलीकडं वळलेले." शमीम हसली. "तुमचे पण काढलेन होते की."

"माझे?"

"तुमचेच. दर बुधवारी येता, दोन फेऱ्या मारता, तिसऱ्या फेरीला घेता. पोर म्हणते, अम्मी, सर आलेत, आत्ता नाय घेणार. उजवा अंगठा वर, नि ती पट्ट्याला लावलेली पिन. पिन पण काढलीन. मी म्हटलं, सरांना राग येईल. तर म्हणते, नाय येणार, सरांना ओळखीचं वाटेल."

सरांनी मान खाली घालून बघितलं. उजव्या चपलेचा पट्टा पावसाळ्यात सुटला होता, त्याला सेफ्टी पिन होती. अंगठा वर होता. त्यांनी तो पाय क्रेटमागं ओढून घेतला. बांगडे न घेताच ते उठले आणि शमीमनं हाक मारून विसरलेली पिशवी हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत सरांनी कपाटातून तो कागद काढला. मावशी दिमाखात उभी होती. त्यांनी कागद खिडकीपाशी तिरका धरला. मनाल पेन्सिल दाबून काढणारी, तिच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या पण कागदावर त्यांचे वळ राहिले होते. मावशीच्या टोपलीखाली, माडाच्या बुंध्यात, डोंगरातसुद्धा पाय होते. शोधता शोधता उजव्या कोपऱ्यात सापडली ती चप्पल. वर आलेला अंगठा. पिन. स्वतःचे पाय त्यांनी स्वतःच्या हातानं पुसले होते आणि पुसताना ओळखले नव्हते.

सरांचे डोळे भरून आले. आणि तरी गंमत बघा, हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. वळांवरून रेघ फिरवली की झालं, चित्र परत उभं करून तिला देऊ! जित्याची खोड म्हणतात ती उगाच नाही. पेन्सिल कागदाला टेकणार तेवढ्यात आपण काय करतोय ते त्यांना उमगलं. पेन्सिल खिशात न ठेवता त्यांनी टेबलाच्या खणात टाकून खण बंद केला.

पहिला तास आठवीवर विज्ञानाचा होता. सर दारात उभे राहून मॅडमना म्हणाले, "दोन मिनिटं द्याल?" आणि वर्गात आले.

"त्या सोमवारी मनालच्या चित्रावर मी हसलो," ते म्हणाले. "मी हसलो म्हणून तुम्ही हसलात. मग मी ते पुसलं. ते चित्र बरोबर होतं. बाजारात जो बसतो त्याला बाजार तसाच दिसतो. मी काल बसून बघितलं. चूक माझी."

शिक्षक चुकतात हे मुलांना माहीत असतं, पण ते असं उभं राहून सांगतात हे कुठं माहीत असतं! समर्थनं बोट वर केलं. "मग सर, परीक्षेत आता पाय काढायचे का?"

"तू बाजारात कुठं असतोस?"

"मी? गाडीवर. बाबांच्या मागं."

"मग तुला काय दिसतं?"

समर्थनं विचार केला. "बाबांची पाठ," म्हणाला, आणि वर्ग हसला. मनाल हसली नाही. ती वहीकडे बघत होती.

तास संपल्यावर सर व्हरांड्यात तिची वाट बघत थांबले. "फॉर्म भरशील?"

"तुम्ही परत पुसाल."

"नाही पुसणार."

"सवय आहे तुम्हाला," मनाल म्हणाली. उद्धटपणे नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं.

सरांना रागवायला जागाच नव्हती. "आहे," ते म्हणाले. "हात मागं बांधून ठेवीन."

शुक्रवारी शाळा सुटायला पाच मिनिटं असताना बाबू एक फॉर्म घेऊन आला. सरांनी तो तीनदा वाचला, जणू नाव बदलेल.

त्यानंतरचे पंधरा दिवस सरांच्या आयुष्यातले फार वाईट गेले. हात पाठीशी बांधून ते बाकांमधून फिरत आणि मुलांची चित्रं जशी असतील तशी बघत. कुणाचा डावा हात गुडघ्यापर्यंत, कुणाचं घर हवेत, समर्थची मावशीसुद्धा सरांच्या हाताशिवाय एका कुशीवर कलली. मुलं कागद पुढं करून सरकून बसत, जागा करून देत, आणि सर नुसतं म्हणत, "अजून बघ." एवढंच. दुसरं काय म्हणायचं हे त्यांना येत नव्हतं. मुलांना वाटलं सर रुसले. समर्थच्या आईनं अक्षया मॅडमना फोन करून विचारलं की सरांच्या हाताला काही झालंय का.

मॅडम म्हणाल्या, "सर, पालक म्हणतात तुम्ही नुसते फिरता. निकालाचं काय?"

"लागेल तो लागेल," सर म्हणाले. तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. बोलून ते स्वतःच दचकले. त्या फळ्यावरच्या आकड्यावर त्यांचा जीव होता, उगाच खोटं कशाला बोला.

आणि मनाल? ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली होती. डावा हात कागदाभोवती कुंपणासारखा. सर जवळून गेले की ती कागदावर वाकायची आणि सर पुढं गेले की पुन्हा पेन्सिलीचा आवाज सुरू व्हायचा. ती काय काढत होती सरांना कळत नव्हतं. पण काढत होती. त्या आवाजासाठी ते मुद्दाम त्या बाजूला फेरी मारत, आणि ती आपल्याला चित्र दाखवत नाही याचं दुःखही त्यांना तिथंच होत असे. मोठ्या माणसानं माफी मागितली की लहानांनी लगेच विसरावं, असं आपल्याला वाटतं. मुलं एवढी घाई करत नाहीत.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना एका संध्याकाळी शेवटच्या बाकावरून हाक आली.

"सर."

एकतीसच्या एकतीस माना वळल्या. सर घाईनं गेले. मनालनं कुंपण काढलं, पण पंजा कागदावर ठेवला.

"हात नाही लावायचा," ती म्हणाली. "नुसतं सांगायचं."

"बरं."

तिनं पंजा उचलला. पुन्हा बाजार होता, पुन्हा खालून, पण आधीचा नव्हे. हा जास्त दाटीचा होता, आणि मधोमध फक्त गुडघ्यापर्यंत दिसणारी एक कोळीण उभी होती, बाकीचे पाय तिला वाट देत होते.

"हिच्या डोक्यावर भरलेली टोपली आहे," मनाल म्हणाली. "टोपली चित्रात येत नाही, वर राहिली. पण पायांवरून कळायला पाहिजे. कळत नाही. पाय रिकाम्या टोपलीचे वाटतात. कुठं चुकतंय?"

सरांनी बघितलं. खरंच, ती बाई उभी नव्हती, टांगलेली होती. चूक त्यांना दिसली, डोळ्यांना नव्हे, बोटांना दिसली. उजवा हात पाठीमागून सुटून बाकाच्या कडेपर्यंत आलाही. मनालनं कागद जवळ ओढला. सरांनी डाव्या हातानं उजवा हात धरला.

"टाच," ते म्हणाले. "म्हणजे टाच जरा... नाही, गुडघा. वजन असलं की काय होतं, ते असं..." आणि थांबले. एका रेघेचं काम. पण ती रेघ शब्दांत कशी असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. तीस वर्षं त्यांची सगळी उत्तरं हातानं दिलेली, तोंडाला एकही सांगता येईना. वर्ग बघत होता. त्यांचे कान लाल झाले.

"मला नाही सांगता येत, मनाल," ते म्हणाले. "मी आजवर कुणाला सांगितलंच नाही. काढूनच दिलं."

मनालनं कागद झाकला नाही. ती वाट बघत राहिली.

सरांनी खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे, मग दाराशी उभ्या बाबूकडे. "बाबू, नळाखालची मोठी बादली आण. भरून."

"भरून?"

"भरून म्हटलं ना!"

बाबूनं बादली आणली. तोवर सरांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि फळा पुसायच्या फडक्याची चुंबळ वळली होती. बाबूच्या खांद्याचा आधार घेऊन ते टेबलावर चढले. "ठेव डोक्यावर," म्हणाले.

"सर, मान लचकंल वो."

"ठेव रे."

बाबूनं बाकावर चढून बादली डोक्यावर ठेवली. सरांनी दोन्ही हातांनी ती धरली. थोडं पाणी हिंदकळून चष्म्यावरून सदऱ्यात उतरलं. मुलं फिदीफिदी हसायला लागली.

"हसा," सर वरून म्हणाले. "पण खाली बसून बघा. मनाल, इकडं ये. जमिनीवर बस. तुझ्या क्रेटवर बसतेस तितक्या खालून बघ."

मनाल कागद नि पॅड घेऊन आली आणि टेबलाच्या पायाशी मांडी घालून बसली. तिच्यामागं दोघी आल्या, मग समर्थ आला, मग बाकं रिकामी व्हायला लागली. हळूहळू हसू विरलं. सरांच्या पोटऱ्यांच्या शिरा वर आल्या होत्या, घोटे थरथरत होते.

"बोटं बघ, टेबलाला कशी धरतात," कुणीतरी म्हणालं.

"टाच पसरली," समर्थ म्हणाला. त्याच्या आवाजात नवल होतं. त्यानंही कागद ओढला.

दारात अक्षया मॅडम येऊन उभ्या राहिल्या. गोंगाट ऐकून आल्या होत्या, पण आता गोंगाट नव्हता. बत्तीस मुलं जमिनीवर, आणि शाळेतले सगळ्यांत ज्येष्ठ शिक्षक टेबलावर, अनवाणी, डोक्यावर बादली.

"सर?"

"तास चाललाय, मॅडम," सर म्हणाले. मान वळवायची सोय नव्हती.

मॅडमनी दार हळूच ओढून घेतलं, स्वतः आतल्या बाजूला राहून.

वरून, नुसते डोळे खाली करून, सरांना मनालचा कागद दिसत होता. तिनं टाच काढली ती चुकली. जरा आत हवी होती. सरांची बोटं बादलीच्या कडेवर शिवशिवली. सांगावं का? पण सांगायला शब्द नव्हते आणि हात दोन्ही वर अडकलेले. मनालनं सरांच्या पायाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा पायाकडे. मग स्वतःच ती टाच पुसली. परत काढली. तीही पुसली. तिसऱ्यांदा पेन्सिल दाबून रेघ ओढली, आणि त्या बाईचं सगळं ओझं त्या एका रेघेत जमिनीवर उतरलं. सरांच्या हातून ती रेघ आली नसती. हे त्यांना तिथं, त्या टेबलावर, लख्ख कळलं आणि त्यांना इतका आनंद झाला की बादली डगमगली.

मान दुखत होती. गुडघे आता उघड उघड कापत होते.

"झालं का गो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मनाल वर न बघता म्हणाली. "दुसरा पाय राहिलाय. हलू नका, सर."

सर हलले नाहीत.